कोनराड आडेनाउर : भेटींचे वेळापत्रक आखणारा चॅन्सेलर

२२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसच्या एलिझे प्रासादात फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउर यांनी एका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. स्वाक्षऱ्या होताच उंचापुरे द गॉल पुढे झाले, त्यांनी आडेनाउर यांना आलिंगन दिले आणि फ्रेंच रिवाजाप्रमाणे त्यांच्या गालांचे चुंबन घेतले. द गॉल तेव्हा ७२ वर्षांचे होते, आडेनाउर ८७ वर्षांचे. पाऊणशे वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढलेल्या दोन राष्ट्रांच्या या वृद्ध नेत्यांचे छायाचित्र जगभर गेले. करार मात्र फार थोड्यांनी वाचला असावा. आणि ज्यांनी वाचला त्यांची थोडी निराशाच झाली असावी. मैत्रीची आणि समेटाची मोठी भाषा होती ती सोबतच्या संयुक्त घोषणापत्रात. खुद्द करारात सरहद्दीची रेषा नाही, भरपाईची रक्कम नाही. त्यात आहे ते बहुतांशी एक वेळापत्रक. कोणी कोणाला भेटायचे, किती महिन्यांनी भेटायचे आणि भेटीचा पाठपुरावा कोणी करायचा, एवढेच. मंत्रालयात हयात घालवलेल्या वाचकाला तो मजकूर एखाद्या परिपत्रकासारखा वाटेल.

राजधानीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना शिखर भेटींचे अप्रूप उरलेले नाही. परदेशी पाहुणा येतो, रस्ते अडतात, खांबाखांबांवर दोन देशांचे झेंडे फडकतात, हैदराबाद हाउसमध्ये हस्तांदोलन होते आणि संध्याकाळी संयुक्त निवेदन निघते. त्या निवेदनाचा मसुदा आधीच तयार असतो, हे या स्तंभाच्या अनेक वाचकांना स्वानुभवाने माहीत आहे. म्हणूनच भेटींच्या वेळापत्रकालाच आपल्या आयुष्यातील शेवटचे मोठे काम मानणाऱ्या या माणसाची कहाणी पुन्हा सांगण्याजोगी आहे. तो भाबडा नव्हता. माणसांवर सहज विश्वास ठेवणे हा त्याचा स्वभावच नव्हता.

आडेनाउर यांचा जन्म ५ जानेवारी १८७६ रोजी ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरात झाला. वडील न्यायालयात कारकुनी करणारे, घर कॅथलिक आणि काटकसरीचे. कोलोन आणि भोवतालचा ऱ्हाइनलँड १८१५ पासून प्रशियाच्या ताब्यात होता. पण बर्लिनचे प्रोटेस्टंट राज्यकर्ते आणि ऱ्हाइनकाठचे कॅथलिक यांची मने जुळलेली नव्हती. या प्रांताला बर्लिन दूरचे वाटे आणि पॅरिस व ब्रसेल्स जवळचे. आडेनाउर यांच्या पुढच्या राजकारणातली बरीच सूत्रे या भूगोलात सापडतात. कायद्याचे शिक्षण घेऊन ते नगरपालिकेच्या सेवेत शिरले आणि १९१७ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, कोलोनचे महापौर झाले. त्याच वर्षी त्यांची मोटार ट्रामवर आदळली. गालाची हाडे मोडली, चेहरा बदलला. पुढे व्यंगचित्रकारांना वर्षानुवर्षे पुरलेला तो ताठ, रेखीव, भावना न दाखवणारा चेहरा या अपघाताची देणगी होती. आदल्याच वर्षी पहिली पत्नी एमा हिचे निधन झाले होते. घरात तीन मुले होती.

महापौर म्हणून ते कर्तबगार होते, आणि हेकटही. कोलोन विद्यापीठाची १९१९ मध्ये पुनःस्थापना त्यांनी केली. व्हर्सायच्या तहामुळे शहराभोवतीची तटबंदी पाडावी लागली, तेव्हा त्या जागेवर बांधकाम होऊ न देता त्यांनी हिरवा पट्टा राखला. आजही तो शहराचा श्वास आहे. कोलोन ते बॉन हा मोटारींसाठीचा स्वतंत्र रस्ता १९३२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत खुला झाला. युद्धकाळात धान्याची टंचाई होती, तेव्हा मका, बार्ली आणि तांदळाच्या पिठाचा पाव तयार करण्याची कृती शोधून त्यांनी तिचे पेटंटही घेतले होते. तो पाव चविष्ट होता असा दावा मात्र कोणी केल्याचे आढळत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर कोलोन १९२६ च्या जानेवारीअखेरपर्यंत ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात राहिले. जानेवारी १९२३ मध्ये नुकसानभरपाई थकली म्हणून फ्रान्स आणि बेल्जियम यांनी शेजारचा रूर प्रदेश व्यापला. त्या दिवसांत आडेनाउर यांनी दोन गोष्टी पाहिल्या. बंदुकीच्या जोरावर कोळसा बाहेर काढता येत नाही, ही एक. आणि फ्रान्सची भीती दूर झाल्याखेरीज ऱ्हाइनकाठी शांतता नाही, ही दुसरी. दोन्ही देशांच्या कोळसा व पोलाद उद्योगांचे हितसंबंध एकमेकांत गुंतवावेत, ही कल्पना त्यांनी त्याच सुमारास मांडली. बर्लिनमधून त्यांच्यावर फुटीरतेचा आरोप झाला आणि तो पुढे अनेक वर्षे त्यांच्यामागे लागला. विचार मात्र तीस वर्षांनी खरा ठरायचा होता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये निवडणूक प्रचारासाठी हिटलर कोलोनला आला, तेव्हा महापौर त्याच्या स्वागतासाठी विमानतळावर गेले नाहीत. ऱ्हाइनच्या पुलावर लावलेले स्वस्तिकाचे झेंडेही त्यांनी उतरवायला लावले. मार्चमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बँकेतले खाते गोठले, मित्र दिसेनासे झाले. त्या वेळी दहा हजार मार्क घेऊन मदतीला आले ते ब्रसेल्सचे ज्यू उद्योजक डॅनी हाइनमन. आडेनाउर यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवली. काही महिने त्यांनी शाळासोबती मठाधिपती असलेल्या मारिया लाख येथील मठात आसरा घेतला. पुढे बॉनजवळच्या ऱ्योनडॉर्फ या खेड्यात टेकडीच्या उतारावर त्यांनी घर बांधले आणि तिथे गुलाब लावले. हिटलरविरोधी कटात ते सामील नव्हते. ज्यांनी निरोप धाडले त्यांना त्यांनी दूरच ठेवले. तरी जुलै १९४४ च्या फसलेल्या कटानंतर गेस्टापोने त्यांना पकडलेच. ते निसटले. मग त्यांची दुसरी पत्नी गुसी हिला अटक झाली आणि मुलींच्या नावाने धाक घालून नवऱ्याचा ठावठिकाणा वदवून घेण्यात आला. त्या अपराधभावनेतून तिने तुरुंगात आत्महत्येचा प्रयत्न केला. ती वाचली, पण प्रकृती कायमची खचली; मार्च १९४८ मध्ये ती गेली. आडेनाउर याविषयी जाहीरपणे क्वचितच बोलत.

१९४५ मध्ये अमेरिकनांनी त्यांना पुन्हा कोलोनचे महापौर केले आणि काही महिन्यांतच, त्या शहराचा ताबा घेतलेल्या ब्रिटिशांनी अकार्यक्षमतेचा ठपका ठेवून काढून टाकले. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी नकळत युरोपच्या इतिहासाला वळण दिले, असे म्हणायला हरकत नाही; कारण महापौरपदाच्या जोखडातून सुटलेल्या सत्तरीच्या या गृहस्थाने सगळी शक्ती नव्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या बांधणीत घातली. १९४८ मध्ये ते संविधान बनवणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष झाले. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बुंडेस्टागच्या ४०२ सदस्यांपैकी २०२ मते मिळवून ते चॅन्सेलर झाले. आवश्यक होती तेवढीच मते होती, त्यात एक त्यांचे स्वतःचे. प्रकृती एक-दोन वर्षे साथ देईल असे डॉक्टरांचे मत असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले होते. ते १४ वर्षे पदावर राहिले.

पदावर आले तेव्हा त्यांच्या देशाला परराष्ट्र खातेसुद्धा नव्हते. बॉनसमोरच्या पीटर्सबर्ग टेकडीवरील हॉटेलात अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे तीन उच्चायुक्त बसत आणि जर्मन सरकार त्यांच्या देखरेखीखाली चाले. नव्या मंत्रिमंडळाचा परिचय करून द्यायला आडेनाउर तिथे गेले, तेव्हा उच्चायुक्त गालिच्यावर उभे राहतील आणि चॅन्सेलर गालिच्याबाहेर, अशी योजना होती. आडेनाउर शांतपणे पुढे झाले आणि गालिच्यावर जाऊन उभे राहिले. कोणी काही म्हणाले नाही. राजशिष्टाचाराच्या दोन पावलांत केवढे राजकारण असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी दोन्ही देशांचे कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिकारमंडळाखाली आणण्याचा प्रस्ताव जाहीर केला. तो जाहीर होण्यापूर्वी त्यांचा दूत गुप्तपणे बॉनला पोहोचला होता आणि आडेनाउर यांनी तत्काळ होकार दिला होता. शुमान लोरेन प्रांतातले. पहिल्या युद्धापर्यंत कायद्याने जर्मन नागरिकच होते. दोघे जर्मनमध्येच बोलत. एप्रिल १९५१ मध्ये पॅरिसला सहा देशांचा कोळसा-पोलाद करार झाला, आणि १९२३ मध्ये ज्या कल्पनेवरून आडेनाउर यांना शिव्या पडल्या होत्या ती आता राज्यव्यवहार झाली. पुढचा मार्ग सरळ नव्हता. संयुक्त युरोपीय सैन्याची योजना फ्रेंच संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी फेटाळली. आडेनाउर यांना तो फार मोठा आघात वाटला. सार प्रदेशाचा वाद होताच. युद्धानंतर फ्रान्सने आपल्या अर्थव्यवस्थेला जोडलेल्या या कोळशाच्या पट्ट्याला युरोपीय दर्जा देण्याचे आडेनाउर यांनी मान्य केले, स्वपक्षीयांचा राग ओढवून घेतला. आणि ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात तिथल्या जनतेनेच तो तोडगा दोन-तृतीयांश मतांनी धुडकावला. फ्रान्सने खळखळ न करता निकाल स्वीकारला. १ जानेवारी १९५७ रोजी सार जर्मनीत आला. दोन देशांमधला शेवटचा प्रादेशिक तंटा मिटला होता, आणि हे पुढच्या सगळ्या कथेत ध्यानात ठेवले पाहिजे.

जून १९५८ मध्ये द गॉल सत्तेवर परतले, तेव्हा आडेनाउर धास्तावले. याच द गॉल यांनी १९४५ मध्ये ऱ्हाइनलँड जर्मनीपासून तोडण्याची मागणी केली होती. त्यांचा राष्ट्रवाद, नाटोविषयीची अढी, युरोपीय संस्थांबद्दलची नाराजी यांतले काहीच बॉनला सोयीचे नव्हते. भेटीचे आमंत्रण आले तरी चॅन्सेलरनी चालढकल केली. अखेर १४ सप्टेंबर १९५८ रोजी ते पूर्व फ्रान्समधील कोलोंबे या गावी द गॉल यांच्या घरी गेले. ते सरकारी निवासस्थान नव्हते, खासगी घर होते. त्या घरी मुक्कामाला बोलावला गेलेला हा एकमेव परदेशी राज्यकर्ता. यजमानीणबाईंनी घरची भांडीकुंडी काढून पाहुणचार केला. द गॉल पहिल्या युद्धात अडीच वर्षे जर्मनांच्या कैदेत होते, त्यांना जर्मन येत होते. दोघे तासन्‌तास बोलले आणि आडेनाउर भारावून परतले.

पण १७ सप्टेंबरला, म्हणजे पाहुणे परतून दोन दिवसही होतात न होतात तोच, द गॉल यांनी आयसेनहॉवर आणि मॅकमिलन यांना एक टिपण पाठवले. पाश्चात्त्य आघाडीचे मोठे निर्णय अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी मिळून घ्यावेत, असा त्याचा आशय होता. जर्मनीला त्यात जागा नव्हती. कोलोंबेच्या दिवाणखान्यात याचा उच्चारही झालेला नव्हता. ऑक्टोबरमध्ये ही गोष्ट कानावर आली, तेव्हा आडेनाउर संतापले आणि दुखावले. फसवले गेल्याची भावना स्वाभाविक होती.

चरित्रकार कोलोंबेच्या भेटीवर भरभरून लिहितात, टिपणावर दोन वाक्ये खर्च करतात. प्रस्तुत लेखकाला मात्र एलिझे कराराचे मूळ त्या स्नेहाइतकेच त्या टिपणातही दिसते. एका थोर माणसाच्या घरी जेवून आल्याने त्याच्या मंत्रालयातले कागद बदलत नाहीत, हा धडा ८२ वर्षांच्या आडेनाउर यांना मिळाला. त्यांनी संबंध तोडले नाहीत. ते पुन्हा भेटले. २६ नोव्हेंबरला बाड क्रॉइत्सनाख येथे द गॉल आले, आणि दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चॉव्ह यांनी बर्लिनबाबत निर्वाणीचा खलिता धाडला. ब्रिटन तडजोडीकडे झुकू लागले. द गॉल ढळले नाहीत. टिपणाची जखम त्यामुळे बरीचशी भरली. १९५८ ते १९६२ च्या मध्यापर्यंत दोघे पंधरा वेळा भेटले, चाळीसेक पत्रे लिहिली, शंभराहून अधिक तास एकमेकांशी बोलले. हा हिशेब खुद्द द गॉल यांनी आपल्या आठवणींत दिला आहे. सगळ्या भेटी गोड नव्हत्या. जुलै १९६० मध्ये रांबुइये येथे द गॉल यांनी युरोप आणि नाटोसंबंधीच्या आपल्या योजना मांडल्या आणि बॉनमध्ये पुन्हा खळबळ माजली. पण पुढची भेट ठरलेली असली की बिघडलेले दुरुस्त करायला जागा राहते, हे आडेनाउर यांच्या लक्षात येत गेले.

दरम्यान घरात त्यांचे आसन डळमळू लागले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, तेव्हा ते नऊ दिवसांनी त्या शहरात पोहोचले. लोकांनी हे क्षमा केले नाही. सप्टेंबरच्या निवडणुकीत बहुमत गेले आणि मुदतीच्या मध्येच पायउतार होण्याच्या बोलीवर त्यांना आघाडी करावी लागली. सहा देशांच्या राजकीय संघाची द गॉलप्रणीत योजना एप्रिल १९६२ मध्ये कोसळली. उरले ते दोघेच. जुलैत आडेनाउर फ्रान्सच्या राजकीय दौऱ्यावर गेले. मूर्मलों येथे फ्रेंच आणि जर्मन रणगाड्यांनी एकत्र संचलन केले, आणि ८ जुलैला रँसच्या कथीड्रलमध्ये दोघे शेजारी शेजारी प्रार्थनेला बसले. १९१४ मध्ये जर्मन तोफांनी हेच कथीड्रल भाजून काढले होते. १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीवर पहिली सही याच शहरात झाली होती. सप्टेंबरमध्ये द गॉल जर्मनीला आले. डुइसबुर्गच्या पोलाद कारखान्यात कामगारांपुढे, लुडविग्सबुर्गच्या किल्ल्यात तरुणांपुढे ते पाठ केलेल्या जर्मन भाषणांतून बोलले आणि गर्दीने त्यांना डोक्यावर घेतले.

आता आडेनाउर यांना घाई झाली होती. वर्षभरात जावे लागणार, हे ठरलेले. उत्तराधिकारी म्हणून पुढे येणारे लुडविग एर्हार्ड आणि परराष्ट्रमंत्री गेर्हार्ड श्रोडर या दोघांची नजर पॅरिसकडे नसून वॉशिंग्टन आणि लंडनकडे होती. १४ जानेवारी १९६३ रोजी द गॉल यांनी पत्रकार परिषद घेऊन ब्रिटनच्या युरोपीय समुदायातील प्रवेशाला नकार दिला. आठ दिवसांवर भेट आली होती. ती पुढे ढकला, निदान ब्रिटनसाठी शब्द टाका, असा दबाव सगळीकडून आला. ते गेले. जाताना एक साधा शासकीय मसुदा तयार होता. पॅरिसमध्ये पोहोचल्यावर त्याचे रूपांतर संसदेच्या मंजुरीने बांधील होणाऱ्या करारात करायचे ठरले. संविधानाचे कायदेशीर कारण होतेच. पण खरे कारण हे की आपल्यामागून येणाऱ्यांना ते सहज बाजूला सारता येऊ नये. ऐन वेळी जर्मन अधिकाऱ्यांकडे करारासाठी योग्य कागद आणि चामडी वेष्टनसुद्धा नव्हते, ते पॅरिसच्या दुकानातून आणावे लागले, असे सांगतात.

आणि मजकूर? राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख गरजेप्रमाणे, पण वर्षातून किमान दोनदा भेटतील. परराष्ट्रमंत्री दर तीन महिन्यांनी. परराष्ट्र खात्यांचे वरिष्ठ अधिकारी दर महिन्याला, आळीपाळीने बॉन आणि पॅरिस येथे. संरक्षणमंत्री दर तीन महिन्यांनी, सेनाप्रमुख दर दोन महिन्यांनी. शिक्षणाचा विषय जर्मनीत घटकराज्यांचा असल्यामुळे फ्रेंच शिक्षणमंत्र्याने भेटायचे कोणाला, हा प्रश्न होता. त्यासाठी राज्यांच्या वतीने एक अधिकारी नेमायचे ठरले. प्रत्येक देशात सर्व खात्यांचा मेळ घालणारा एक आंतरमंत्रालयीन आयोग. परराष्ट्र धोरणाच्या महत्त्वाच्या प्रश्नांवर निर्णयापूर्वी एकमेकांशी विचारविनिमय. एकमत झालेच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. १९५८ च्या टिपणासारखा प्रसंग पुन्हा घडू नये, यासाठी अधिकाऱ्यांच्या दिनदर्शिकेत शक्य तेवढे सगळे यात आहे.

करार करण्याची ही युक्ती मात्र त्यांच्यावर उलटली. करार म्हटला की तो संसदेपुढे आला, आणि संसदेत विरोधकांसह त्यांच्याच पक्षाने त्याला एक प्रस्तावना जोडली: अमेरिकेशी निकटची भागीदारी, नाटो, ब्रिटनचा प्रवेश, मुक्त व्यापार. द गॉल यांना जे जे नको होते ते सगळे त्यात होते. त्यांना हा करार पोकळ केल्यासारखा वाटला, आणि त्यांच्या बाजूने पाहता ते चूकही नव्हते. आडेनाउर यांनी प्रस्तावना गिळली, कारण वेळापत्रकाच्या एकाही कलमाला तिने हात लावला नव्हता. २ जुलै १९६३ रोजी करार अमलात आला. तीनच दिवसांनी दोन्ही देशांच्या युवक कार्यालयाची स्थापना झाली. त्या कार्यालयाने तेव्हापासून नव्वद लाखांहून अधिक तरुणांना सीमेपलीकडे धाडले आहे.

या माणसाची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. न्यूरेंबर्गच्या वंशवादी कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्या हान्स ग्लोब्के यांना त्यांनी १० वर्षे आपल्या कार्यालयाचे प्रमुख ठेवले. ज्याने इस्रायलला तीन अब्ज मार्कांची भरपाई देण्याचा करार १९५२ मध्ये स्वपक्षातील नाराजी पत्करून केला, त्यानेच हे केले. १९६२ मध्ये एका साप्ताहिकाच्या संपादकांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा ते संसदेत सरकारची बाजू हिरिरीने मांडत होते. ते प्रकरण संरक्षणमंत्र्याला भोवले. पूर्व जर्मनीतल्या सतरा लाख नव्हे, एक कोटी सत्तर लाख बांधवांपेक्षा त्यांना ऱ्हाइनपलीकडचा शेजारी जवळचा वाटतो, ही टीका त्यांच्यावर हयातभर झाली आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

त्याच काळात दिल्लीत काय चालले होते, हे आठवल्यावाचून राहवत नाही. १९५४ ते १९६० या वर्षांत नेहरू आणि चौ एन-लाय अनेकदा भेटले. स्नेहाची कमतरता सुरुवातीला नव्हती. एप्रिल १९६० ची दिल्लीतली बोलणी फिसकटल्यावर पुढच्या भेटीची तारीख कोणाकडेच नव्हती. द गॉल लुडविग्सबुर्गला भाषण करून गेले त्याच्या पुढच्या महिन्यात हिमालयात युद्ध पेटले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण यांना मुंबई सोडून संरक्षण खाते सांभाळायला दिल्लीत यावे लागले. भारताचा पंतप्रधान त्यानंतर चीनला गेला तो थेट डिसेंबर १९८८ मध्ये. ही तुलना ताणू नये. सारचा प्रश्न मिटल्यानंतरच फ्रान्स-जर्मनीचे वेळापत्रक बनले. आपल्यापुढे सीमेचा प्रश्न उघडा होता, आणि नुसत्या भेटींनी तो सुटला असता असे मानण्याला आधार नाही. पुढच्या काळात भारतानेही ही पद्धत काही देशांशी स्वीकारली. रशियाशी २००० पासून, जपानशी २००६ पासून वार्षिक शिखर भेटींचा प्रघात पडला. खुद्द जर्मनीशी मंत्रिमंडळ पातळीवरील सल्लामसलत मे २०११ मध्ये अँगेला मर्केल यांच्या उपस्थितीत नवी दिल्लीत सुरू झाली. त्यांतल्या काही भेटी चुकल्या, लांबल्या. आणि चुकल्या की त्यांची चर्चा झाली. फ्रान्स आणि जर्मनीतही ऑक्टोबर २०२२ मधली संयुक्त मंत्रिमंडळ बैठक जानेवारीवर गेली, तेव्हा ती युरोपभर मोठी बातमी ठरली होती. वेळापत्रक नसते, तर न झालेल्या बैठकीची दखल कोणी घेतली असती?

आडेनाउर यांना स्वतःला कराराची फळे फारशी पाहायला मिळाली नाहीत. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांनी पद सोडले. एर्हार्ड आणि द गॉल यांचे सूर जुळले नाहीत. जुलै १९६४ मध्ये बॉनला झालेली त्यांची बोलणी कडवट झाली. तरी सहा महिन्यांनी दोघे रांबुइयेला पुन्हा समोरासमोर बसलेच. तारीख आलेली होती. सेवानिवृत्त चॅन्सेलर ऱ्योनडॉर्फच्या घरात आठवणी लिहीत, एर्हार्ड यांच्यावर फटकारे ओढत आणि गुलाबांची निगा राखत. १९ एप्रिल १९६७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याच घरात त्यांचे निधन झाले. २५ एप्रिलला कोलोनच्या कथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला. त्या दिवसांत ज्यांचे एकमेकांशी धड बोलणे नव्हते ते लिंडन जॉन्सन आणि द गॉल दोघेही आले होते. मग शवपेटी नौदलाच्या नौकेतून ऱ्हाइनच्या प्रवाहाविरुद्ध ऱ्योनडॉर्फकडे नेण्यात आली आणि द गॉल पॅरिसला परतले. जुलैच्या मध्यावर ते पुन्हा बॉनला आले. नवे चॅन्सेलर कीसिंगर यांच्याबरोबरची सहामाही बैठक होती.